पंचांचे कान

सरांनी मला पहिलं हिरवं कार्ड दाखवलं तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. नौपाड्यातल्या एका छोट्या दवाखान्यात, जिथे कान तपासून कानाची मशीन देतात, तिथे मी नुकतीच लागले होते. माझ्या टेबलावर ‘श्रवणतज्ज्ञ’ अशी पाटी होती आणि ती मी दिवसातून दोनदा पुसायचे. त्या दिवशी साडेअकराची वेळ दिलेली असताना मी अकरा चाळीसला नाव पुकारलं. दारात साठीचे एक उंच, काटक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी. आत यायच्या आधी ते वाकले, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग खिशातून एक हिरवं कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं.

“दहा मिनिटं उशीर. पहिली वेळ म्हणून ताकीद. दुसऱ्या वेळी पिवळं मिळेल, दोन मिनिटं बाहेर उभं राहायचं. लाल मिळालं की सामना संपला, मॅडम.”

ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी जसं बोलायचं असतं तसं मी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, “सर, बसा.”

“ओरडताय कशाला? ओठ दिसतायत की मला.”

सर कबड्डीचे पंच होते. कल्याणच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, राहायला विठ्ठलवाडीला. नोकरी संपली तरी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठेही शाळेचे, मंडळाचे सामने असले की पंच म्हणून त्यांना बोलावणं असायचंच. किंवा बोलावणं नसलं तरी ते जायचे. ‘जवळच आलेलो’ असं म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहायचे, आणि मग कोण त्यांना पंच करणार नाही?

ती कार्डं हा मोठाच उपद्रव होता. स्टेशनवरून नौपाड्यात यायला नकार देणाऱ्या रिक्षावाल्याला हिरवं. रांगेत मध्ये घुसणाऱ्याला पिवळं. फोनवर बोलत जिना उतरणाऱ्या औषधकंपनीच्या माणसाला पिवळं, आणि तो गोंधळून खरंच दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला. आमच्या दवाखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे मोठ्या मॅडम, कधी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत. त्यांनाही एकदा पिवळं मिळालं आणि त्या हसत हसत बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. घरी मात्र ही सत्ता चालत नसे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला पहिल्याच भेटीत सांगितलं, “मला एकदा दाखवलं होतं हो यांनी कार्ड. मी ते भाकरीच्या तव्यावर टाकलं. तेव्हापासून घरात नाही आणत बाहेर.”

आता कान. सरांचे कान हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. डोक्यापासून काटकोनात निघालेले, सुपाएवढे रुंद, आणि इतके मऊ की बोट लावलं तर कान लाजून दुमडायचा. आपल्या कानाला आतून एक कुर्चा असते, तिच्यामुळे कान ताठ राहतो. सरांच्या कानात देवाने ती घालताना हात आखडता घेतला होता. स्वतः सरांना त्याचं काहीच वाटत नसे. “लहानपणी वारा सुटला की आई म्हणायची, कान धर रे, उडशील!” असं सांगून ते स्वतःच आधी हसायचे.

पण आमच्या धंद्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सरांचं ऐकणं बरंच गेलेलं होतं. कानाच्या आत लपणारी ती चिमुकली, दिमाखदार मशीन त्यांच्या कामाची नव्हती. त्यांना लागणार होती जरा दणकट, कानाच्या मागे अडकवायची. ती मशीन कानाच्या आणि डोक्याच्या मधल्या खाचेत बसते. सरांच्या बाबतीत ती खाचच नव्हती, होतं ते अंगण. मशीन अडकवून आरशासमोर बसेपर्यंत ठीक. मान फिरवली की मशीन कानावरून घसरून गालाशी लोंबायला लागे.

मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, “सर, कुठे ऐकायला जास्त त्रास होतो? घरी? फोनवर?”

“घरी मला ऐकायचंच नाहीये,” सर म्हणाले. काकू शेजारीच बसल्या होत्या. “घरचं मी अंदाजाने चालवतो. मला मैदानात ऐकू यायला पाहिजे.”

मग त्यांनी मला, शाळेत मागच्या बाकावरच्या मुलीला समजावतात तसं समजावून सांगितलं. चढाई करणारा खेळाडू समोरच्यांच्या अंगणात घुसला की परत येईपर्यंत त्याने एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं. मध्ये श्वास घेतला, आवाज थांबला, की दम तुटला आणि तो बाद. “रेषेवर पाय पडला तर दिसतो. पकड झाली तर दिसते. दम दिसत नाही, मॅडम. दम ऐकावा लागतो. टीव्हीवर त्यांच्याकडे घड्याळ आहे, कॅमेरे आहेत. आमच्याकडे कान आहेत.”

त्यांच्या दोन्ही मशीनना त्यांनी नावं ठेवली होती. उजवीकडचे थोरले जावई, डावीकडचे धाकटे जावई. सरांना एकुलता एक मुलगा, तो नोकरीसाठी बंगळुरात. मी विचारलं, जावई का? तर म्हणाले, “महाग पडतात, मान द्यावा लागतो, आणि केव्हा रुसून निघून जातील सांगता येत नाही.” बॅटरी बदलली की फोन करून कळवायचे, “जावयांना जेवू घातलं.”

हे जावई टिकवून ठेवण्यासाठी आम्ही दोघांनी वर्षभर काय काय केलं ते आठवलं की आजही मला एकटीला हसू येतं. दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, ती घामाने सुटली. काकूंनी लोकरीचा गोफ विणून दिला, तो मशीनला बांधून मानेमागून घेतला. सर म्हणाले, मला बैलपोळ्याला सजवल्यासारखं वाटतंय. नंतर त्यांनी माझ्या नकळत काकूंच्या आकड्याच्या पिना वापरून पाहिल्या. मग गुडघ्याला घालायची इलॅस्टिकची पट्टी डोक्याला बांधली, तर त्या पट्टीखाली कान दुमडून मशीन किंचाळायला लागली. मशीनचा आवाज मशीनच्याच कानात परत गेला की ती अशी शिट्टी मारते. सरांना शिट्टी ऐकू आली आणि त्यांनी चालू चढाई थांबवली. दोन्ही संघ त्यांच्याकडे बघत राहिले.

तिसऱ्यांदा मशीन हरवून सापडल्यावर मी दोन्हींवर दवाखान्याच्या फोन नंबरची बारीक चिठ्ठी चिकटवली. त्याचा उपयोग झाला. सर टेंभी नाक्याला दहीहंडी बघायला गेले होते. थर वर चढत गेले तशी सरांनी मान मागे टाकली, आणि धाकटे जावई मागच्या मागे निघून गेले. त्या गर्दीत काय शोधणार? सर दुसऱ्या दिवशी सुतकी चेहऱ्याने माझ्यासमोर बसले असतानाच फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या, भयंकर वैतागलेल्या.

“अहो, तुमचं काहीतरी माझ्या मेथीत शिट्टी मारतंय!”

बाईंच्या भाजीच्या पिशवीत जावई मुक्कामाला गेले होते. रात्रभर बाईंनी उंदीर समजून पिशवीला हात लावला नव्हता. सर स्वतः जाऊन घेऊन आले, आणि येताना ती मेथीही विकत घेऊन आले. बाईंना मनस्ताप झाला म्हणून.

तपासणीच्या बाबतीतही सरांचं सगळं आपलंच. बंद खोलीत बसवून आम्ही शब्दांची एक यादी ऐकवतो, पेशंटने ऐकलेला शब्द परत म्हणायचा असतो. सरांनी चार शब्द म्हटले आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला. “मैदानात कुणी ‘पुस्तक’ म्हणत नाही. मला कबड्डी ऐकव.” तोपर्यंत मॅडमची मी ‘अगं पोरी’ झाले होते. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी त्यांच्या पाठीमागे एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचं, मध्येच हळूच थांबायचं. थांबले की सर हात वर करणार. दहाव्या सेकंदाला मी थांबले. सरांनी हात वर केला.

“बरोबर!” मी म्हटलं.

“काय बरोबर? मला वाटलं, आत्ता कुठे सुरुवात झाली. एवढाच दम? रोज जिना चढत जा.”

नेमकं तिसऱ्या फेरीला मोठ्या मॅडमनी दार उघडलं. मी लालबुंद होऊन, डोळे मिटून, कबड्डी कबड्डी करत होते. त्या दार लावून गेल्या. त्या आठवड्यात माझी पगारवाढ लांबली ती त्यामुळेच, असं मला अजून वाटतं.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि एके दिवशी सर वेळ न घेता आले. उंबऱ्याला हात न लावता आत आले, म्हणून मी चमकले. खुर्चीत बसले आणि लाल कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“मी काय केलं सर?”

“तू नाही. हे माझं आहे.”

आदल्या दिवशी डोंबिवलीत मुलींचा शालेय सामना होता. कल्याणजवळच्या गावातल्या शाळेची एक लहानखुरी मुलगी शेवटची चढाई करत होती. तिच्या संघाला एका गुणाची गरज होती. ती सरांकडे पाठ करून खेळत होती, म्हणजे ओठ दिसण्याचा प्रश्न नव्हता. तिने एकीला स्पर्श केला, वळली, मध्यरेषेकडे झेपावली, आणि सरांच्या कानात एकदम शांतता झाली. त्यांनी शिट्टी मारली. दम तुटला, बाद. मुलगी जागच्या जागी उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. सामना गेला. सगळे पांगल्यावर सरांना मानेपाशी काहीतरी टोचायला लागलं. हात घातला तर धाकटे जावई कॉलरच्या आत बसले होते. दुसऱ्या कानाला तेवढं ऐकू येतच नव्हतं.

“स्पर्धेच्या कमिटीला सांगितलं मी, चूक माझी. ते म्हणाले, जाऊ द्या सर, होतं असं. निकाल लागला तो लागला.” सरांनी टेबलावरचं लाल कार्ड बोटाने सरळ केलं. “आज सकाळी तिच्या घरी जाऊन आलो. आजी होती. ‘आलाव, बसा, चा घ्या,’ म्हणाली. मी मुलीची माफी मागितली. तर ती म्हणते, सर, मला राग नाय आला. पन माझा दम होता.”

एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर बसून बूट बघत होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाचच ड्रॉवर उघडून बंद केला.

“गेली दोन वर्षं मी ऐकतच नव्हतो गं,” ते म्हणाले. “ओठ बघत होतो, छातीचा भाता बघत होतो. अंदाजाने चालवत होतो. घरचं अंदाजाने चालतं. हे नाही चालत. कानावर मशीन थांबत नाही तोवर मैदानात पाय ठेवणार नाही.” आणि ते लाल कार्ड माझ्याच टेबलावर सोडून निघून गेले.

आमच्याकडे दर गुरुवारी कान-नाक-घशाचे एक सर्जन येत. त्या गुरुवारी मी सरांना जवळजवळ ओढून आणलं. डॉक्टरांनी सरांचा कान पुढे वाकवला, मागे दाबला, मशीन अडकवून बघितली, ती पडली, परत अडकवली.

“मशीनमध्ये काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले. “खुंटीच ढिली आहे.”

मग त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. कानाच्या मागून छेद द्यायचा, कुर्चेला घडी घालून आतून टाके मारायचे, कान जरा मागे घ्यायचा. म्हणजे मागे खाच तयार होईल आणि मशीनला बसायला पक्की जागा. “हे ऑपरेशन मी कॉलेजातल्या मुलामुलींचं करतो, लग्नाआधी. दिसण्यासाठी. मशीनसाठी माझ्याकडे कुणी आलं नव्हतं.”

“करा,” सर म्हणाले.

“ऐकून तर घ्या. कान कमी मागे घेतला तर मशीन पडणारच. जास्त घेतला, डोक्याला चिकटला, तर मशीनला जागाच उरणार नाही. मग आत्ता जी थोडा वेळ तरी बसते तीही बसणार नाही. तुमची कुर्चा मऊ आहे, टाके सैल पडू शकतात. खात्री मी देणार नाही.”

सरांनी विचार केला. आपण कसे दिसू, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही आणि नंतरही कधी विचारला नाही. एवढंच म्हणाले, “ही पोरगी मशीन घेऊन शेजारी उभी राहील. माप तिथेच घ्यायचं.”

विठ्ठलवाडीला बातमी पोहोचली ती मात्र वेगळीच. सर कानाचं ऑपरेशन करून घेणार, तेही कॉलेजातली पोरं करतात ते, दिसण्यासाठीचं! मागच्या बिल्डिंगमधल्या एकाने म्हणे काकूंना हळू आवाजात विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? काकू असल्या संधी सोडणाऱ्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे ऑपरेशनच्या सूचना सांगायला गेले तेव्हा त्या माझ्यासमोर सरांना म्हणाल्या, “एकसष्टाव्या वर्षी रूप सुधारायला निघालात. आमच्या लग्नाच्या वेळी नाही सुचलं ते?” आणि मला पोहे देताना स्वयंपाकघरात आवाज खाली आणून म्हणाल्या, “महिना झाला मैदानात गेलेले नाहीत. पहाटे उठून गॅलरीत नुसते उभे असतात बूट घालून. होऊ दे बाई काय व्हायचं ते, पण होऊ दे.”

ऑपरेशन सकाळी होतं. पूर्ण भूल नव्हती, फक्त कानाभोवती इंजेक्शनं. मला हिरवा झगा, टोपी घालून कोपऱ्यात उभं केलेलं, हातात निर्जंतुक पिशवीत घातलेली मशीन. सिस्टरने सरांच्या गळ्यातली शिट्टी काढायला लावली तेव्हा पहिला वाद झाला. कार्डं आधीच काढून घेतली होती म्हणून सिस्टर वाचली.

पहिलं इंजेक्शन टोचलं आणि डॉक्टरांचा हात थांबला. “सर, काय पुटपुटताय? जबडा हलतोय.”

सर सुईचं दुखणं एका दमात काढत होते. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

“बोलू नका!” डॉक्टर त्यांच्या कानाशी ओरडले.

सर गप्प झाले. क्षणभराने पडल्या पडल्या त्यांनीच जाहीर केलं, “दम तुटला.” सिस्टरच्या हातातला ट्रे हसण्याने खडखडला.

उजवा कान पहिल्या फटक्यात जमला. मी पिशवीतली मशीन खाचेत ठेवली, डॉक्टरांनी सरांना मान इकडेतिकडे करायला लावली, थोरले जावई हलले नाहीत. डाव्या कानाने मात्र सगळ्यांना घाम फोडला. टाके ओढल्यावर कान छान दिसत होता, अगदी फोटोसारखा. पण मशीन ठेवली की ती दाबली जाऊन वर उसळायची. दुसऱ्यांदा ठेवली, पुन्हा उसळली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं शिकलेला माणूस, आणि तो मला विचारतोय, किती? चुकलं तर त्या गॅलरीत सर कायमचे उभे राहणार, हेच डोक्यात.

“एक टाका सैल करा,” सरांनाही ऐकू जावं म्हणून मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं. “दिसायला थोडा कमी चांगला दिसेल.”

“दिसण्याचं सोड गं!” चादरीखालून आवाज आला.

एक टाका सैल झाला. मशीन खाचेत गेली. मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बसली ती बसलीच. “वाकून बघू का?” सर उठायला लागले. “पंच सारखा वाकतो.” डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून परत झोपवलं.

पुढचे दिवस डोक्याला पांढरं बँडेज बांधून सर विठ्ठलवाडीत लढाईवरून आल्यासारखे फिरत होते. जखमा भरेपर्यंत मशीन लावायची नव्हती, त्यामुळे कुणी काही विचारलं तरी ते नुसतं प्रसन्न हसायचे. टाके निघाले, सूज उतरली, आणि मग एके दिवशी माझ्यासमोर आरशात बसून त्यांनी दोन्ही जावयांना जागेवर बसवलं. उठले. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, पाच पेशंटांच्या देखत, कबड्डीच्या मैदानात पंच करतो तसे वाकले, वळले, बाजूला उड्या मारल्या, मान झटकली. मग सरळ उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कान चाचपले. दोन्ही पाहुणे जागेवर होते. त्यांनी मला मिठी मारली. एक आजी टाळ्या वाजवायला लागल्या, तर बाकीच्यांनीही वाजवल्या. कशासाठी ते त्यांतल्या कुणालाही माहीत नव्हतं.

पण मैदानात परतणं सोपं नव्हतं. कमिटीचा सेक्रेटरी म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. स्वभावाने चांगला, म्हणूनच जास्त अवघड. सरांनी त्याला फोन केला तेव्हा मी शेजारी होते.

“सर, किती दिवस उन्हात उभे राहणार? आता बसा आरामात. पुढच्या महिन्यात आपण जंगी सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं.”

“शाल पांघरली की माणूस बाद,” सर म्हणाले. “मला एक सामना दे. तू समोर बस. चुकलो तर शाल मी स्वतः विकत आणेन.”

हो-नाही करत तो तयार झाला. रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव सामना ठरला. सुट्टी असून मी सकाळी आठला मैदानात हजर. काकूही आल्या होत्या, छत्री आणि थर्मास घेऊन. सर आले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रेषेवर जाऊन उभे राहिले. मी खेळ बघितलाच नाही. मी फक्त दोन कान बघत होते. सर पळत होते, वाकत होते, पकड झाली की गुडघ्यावर बसून बघत होते, आणि कान होते तिथे होते, मशीन होती तिथे होती. माझे हात मात्र काकूंनी धरून ठेवले होते.

सामना बरोबरीत आला. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असतील. यजमान शाळेची एक उंच मुलगी चढाईला आली. चांगली तयारीची होती. आत आत घुसली, कोपऱ्यात गेली, पाय टाकला, स्पर्श झाला, आणि सहा जणींच्या तावडीतून निसटून परत वळली. तोंड सरांच्याच दिशेला. ओठ झरझर चालले होते, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मला दिसत होतं. सगळ्या मैदानाला दिसत होतं.

सरांनी शिट्टी मारली. हात वर. “दम तुटला! बाद!”

मैदान पेटलं. यजमानांचीच गर्दी ती. “ओ पंच!” निळा टी-शर्ट घातलेले कुणाचे तरी वडील दोरीच्या आत घुसले. “आंधळे झालात का? पोरगी बोलतेय, दिसत नाही काय?” मागून दुसरा ओरडला, “डोळे तपासून घ्या आधी!” तिसऱ्याने शिट्ट्या मारल्या. खरं सांगायचं तर ओठ मलाही दिसले होते. काकूंनी माझा हात सोडला आणि पदर तोंडाशी धरला. सेक्रेटरी खुर्चीतून उठला, मैदानात आला. सर हलले नाहीत. हात वर तो वरच.

सेक्रेटरी त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिला. ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती.

“खरं सांग. दम होता?”

तिने एकदा त्या निळ्या टी-शर्टकडे बघितलं, एकदा सरांकडे. मग जीभ चावली.

“नव्हता सर. मधीच संपलेला. पुढे नुसते ओठ हलवत होते मी.”

निळा टी-शर्ट दोरीच्या बाहेर गेला. सेक्रेटरी परत जाऊन खुर्चीत बसला, आणि पुढचा सगळा सामना त्याने सरांकडे एकदाही संशयाने बघितलं नाही. यजमान एका गुणाने हरले.

शेवटची शिट्टी झाली आणि सर मैदान सोडून जवळजवळ पळतच आमच्याकडे आले. अंगभर माती, घाम, चेहरा असा फुललेला की मला वाटलं, आता हे पोरांसारखी उडी मारतात की काय. काकूंनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतलाच नाही. माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

“ऐकलंस? ऐकलंस तू? मी सगळं ऐकलं, एकेक शब्द! आंधळा म्हणाले मला. डोळे तपासा म्हणाले!” आवाज फुटला त्यांचा. “अगं, बहिरा नाही म्हणाला एकही जण!”